शेवटच्या ऋचेचा पहिला शब्द

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर माझ्या तोंडी आधी जनार्दन लेले हे नाव येतं. आईबाबांना याचं कधी वाईट वाटलं नाही. बाबा तर स्वतःच म्हणायचे, "जलम आम्ही दिला, शाना साहेबांनी केला." लेले सर गेले त्या सकाळी मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत अंगभर कांजिण्या घेऊन बसलो होतो. शाळेतल्या मुलांकडून आल्या होत्या, आणि मोठेपणी आल्या म्हणून जास्तच जोरात आल्या होत्या. खाली घरमालकांच्या झिप बनवायच्या कारखान्यात यंत्रं सुरू झाली होती. फोन वाजला, लेले काकूंचा. आवाज अगदी साधा, आज दूध आलं नाही असं सांगावं तसा. "किसन, हे गेले रे. आत्ता, चहाच्या वेळेला. ये तू, पण धावत येऊ नकोस. खपल्या पडल्या का तुझ्या?" मी काहीतरी उत्तर दिलं असेल. मला खरं तर एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारायची भीती वाटत होती... काकूंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "तू जे विचारणारेस ना, ते समोर बसून सांगते." त्याने भीती कमी झाली नाही, वाढलीच.

मी काय विचारणार होतो हे कळायला बरंच मागे जावं लागेल. आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, थोडी भातशेती असलेलं. बाबा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर होते. कारखान्यात ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाचे बाबांचे तळवे असायचे. जेवताना भातावर हिरवी किंवा तांबडी बोटं दिसायची. त्याच कारखान्यात लेले सर प्रयोगशाळेचे अधिकारी होते. मी दहावीला संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी, जसं पुष्कळ मुलं घेतात. पुढे उल्हासनगरच्या कॉलेजातही तोच विषय घेतला, तेव्हा बाबांना तो कोणाला सांगायची लाज वाटू लागली. त्या विषयाची नोकरी कुठे असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. एकदा त्यांनी ते घाबरत घाबरत साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, रविवारी पाठव.

सरांची आणि वेदांची गाठ कारखान्याच्या फार आधीची होती. कोकणातल्या एका गावात त्यांच्या काकांनी त्यांना लहानपणी पाठ दिले होते. ते पूर्ण न करताच ते रसायनशास्त्राकडे वळले, पण जे मिळालं होतं ते त्यांनी सोडलं नाही. बदलापूरच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, गॅलरीलगतच्या खोलीत, दोन चटया समोरासमोर अंथरलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडूच दिलं नाही. माझा उजवा हात धरला आणि म्हणाले, अंगठा बाजूला ठेव, चार बोटं उरली, प्रत्येकाला तीन पेरं, किती झाली? बारा. जगती छंदाची एक ओळ बारा अक्षरांची, तिने हात भरतो. गायत्रीची ओळ आठांची. आणि त्रिष्टुभ् अकराचा, म्हणजे तर्जनीपासून मोजत आलं की करंगळीचं शेवटचं पेर रिकामं राहतं. "ते पेर रिकामंच ठेवायचं," सर म्हणाले. "तिथे श्वास." मग त्यांनी गायत्री मंत्राची पहिली ओळ मोजायला सांगितली. मी मोजली, सात आली. पुन्हा मोजली, सातच. कॉलेजच्या पुस्तकात तर स्पष्ट आठ लिहिलं होतं. आमच्यासारख्यांना पुस्तक चुकलं असं म्हणायची सोय नसते, आपणच कुठेतरी चुकलेले असतो. मी म्हणालो, आठ. सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "अंगठा सातवर आहे तुझा," ते म्हणाले. "घाबरून मोजलेलं बदलू नकोस. आठवं अक्षर आहे तिथे, दोघांच्या मध्ये दबून बसलंय. सावकाश तोंड उघडलं की सापडतं." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "दबून बसलेल्याला आधी पोहे द्या."

घरी आईला या मंत्रांची वेगळीच भीती होती. आपल्यातल्या कोणी ते कधी बोललं नाही, आणि बोलू नये म्हणून बोललं नाही, असं तिचं म्हणणं. "तोंड वाकडा व्हईल तुझा," ती म्हणायची, आणि मी झोपल्यावर माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकायची. मी ते सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की ते हसतील. ते हसले नाहीत. चुकीचा स्वर गेला तर मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटतो, हे त्यांनाही लहानपणी शिकवलेलं होतं, आणि इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढूनही ते त्यांच्या मनातून पुरतं गेलं नव्हतं. कारखान्यात नवा माणूस व्हॉल्व्हला हात लावताना घाबरतो ते बरंच असतं, ते म्हणाले. भीती जातीची नको, चुकण्याची असावी. आईला सांग, चुकणार नाही इतकं घोटून घेईन.

आणि घोटून घेतलंच. आपल्याला वाटतं की वेद म्हणजे पाठांतर, पण त्या पाठांतराची रचना मी सरांकडून समजून घेतली तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या जुन्या माणसांच्या भीतीचा अंदाज आला. लिहून ठेवायचं नाही, आणि एक अक्षरही हरवू द्यायचं नाही... मग करायचं काय? तर आधी ऋचेतला शब्द न् शब्द सुटा करायचा, तो पदपाठ. मग शब्दांची जोडी लावायची, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, म्हणजे प्रत्येक शब्द पुढच्याचा हात धरतो. मग जटा. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा, आणि तसंच पुढे, केसांची वेणी घालावी तसं. वेणी घातलेला शब्द निसटत नाही. आमची जटा चालू झाली की काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बायकोची वेणी घातली नाही जन्मात, आणि देवांच्या घालताहेत रविवारच्या रविवार." सर मान डोलवायचे, पण पाठ थांबवायचे नाहीत. मी पदवीधर झालो, बी.एड. झालो, कॅम्प चारच्या शाळेत लागलो. रविवार चुकला नाही. सर निवृत्त झाले, बाबा वारले, तरी चुकला नाही.

आता त्या एका सूक्ताविषयी सांगतो, कारण सगळं त्यावर येऊन थांबतं. सृष्टीच्या आरंभाचं ते सूक्त आहे, दहा ऋचांचं, त्रिष्टुभातलं. पहिल्या नऊ ऋचांचा शेवट एकाच ओळीने होतो, आणि ती ओळ म्हणजे एक प्रश्न आहे. आम्ही आहुती द्यायची ती कोणत्या देवाला? डोंगर ज्याच्या महिम्याने उभे आहेत, मरण ज्याची सावली आहे, असं एकेक सांगत जायचं आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायचा. दहाव्या ऋचेत तो प्रश्न नाही. तिच्या पहिल्याच शब्दात देवाला नावाने हाक मारली आहे. पण गंमत अशी की पहिल्या नऊ ऋचांना पदपाठ आहे आणि या दहावीला नाही. जुन्यांनी ती सुटी केलीच नाही, म्हणून तिची वेणीही घालता येत नाही. मी विचारलं होतं, असं का? सर म्हणाले, पंडित म्हणतात की ती मागाहून जोडली गेली. आणि पुढे म्हणाले, "उत्तर मोकळंच मिळालंय आपल्याला. आणि मोकळं असतं ते आधी हरवतं." तेव्हा मला ते नुसतं एक चांगलं वाक्य वाटलं.

तीन-चार वर्षांपूर्वी थंडीतल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही पाठ संपवून चहा घेत होतो, आणि डोळे चुरचुरायला लागले. खाली कोणीतरी ओरडत गेलं, गॅस सुटलाय. वसाहतीतल्या कुठल्या तरी कारखान्यातून वाफ बाहेर पडली होती. धुकं असावं तसं काहीतरी रस्त्यावर पसरत होतं, आणि त्यातून माणसं तोंडाला ओढणी-रुमाल लावून पळत होती. फोनवर एकामागून एक निरोप येत होते, प्रत्येकात वेगळी बातमी. सर एकदम साहेब झाले. गॅलरीच्या फटीशी जाऊन त्यांनी वास घेतला आणि आम्हाला सांगितलं, ॲसिडची वाफ आहे, जड असते, खाली बसेल, आपण वर आहोत, बाहेर पडायचं नाही. खिडक्या लावल्या. काकूंनी टॉवेल भिजवून दाराच्या फटीला लावले. मग आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. करायला काहीच उरलं नव्हतं, आणि तेव्हा खरी भीती वाटली. काकू म्हणाल्या, "म्हणा काहीतरी. नुसते बसू नका."

सरांनी ते सूक्त धरलं. मी सवयीने बोटांवर मोजत होतो. सहावी झाली, सातवी झाली, आठवीच्या शेवटी प्रश्न आला, आणि सर नववीत जायच्या ऐवजी चौथीत गेले. पाठ म्हणणाऱ्यांची ही ठरलेली चूक आहे. दोन ऋचांचा शेवट सारखा असला की तिथे रूळ बदलतो. विद्यार्थी असतो तेव्हा गुरू त्याला टोकतात. मी सरांना कसा टोकणार? मला वाटलं, येतील बाहेर. ते चौथीतून पाचवीत गेले, सहावीत गेले, आठवीशी आले, आणि पुन्हा चौथीत. आणखी एकदा. आवाज तसाच, स्वर न् स्वर नेमका, श्वास रिकाम्या पेरावरच... आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांना कळत होतं. तोंड म्हणत होतं आणि डोळे माझ्याकडे मदत मागत होते. दाराबाहेरच्या गॅसची भीती त्या क्षणी माझ्या मनातून पार निघून गेली. नववीच्याही शेवटी तोच प्रश्न, म्हणून ती सोडून, पुढच्या वेळी प्रश्न आला तेव्हा त्यांचा शब्द संपायच्या आत मी दहाव्या ऋचेचा पहिला शब्द मोठ्याने म्हटला. सर अडखळले, मग त्यांनी तो शब्द धरला, आणि ऋचा पुरी करून थांबले. बाहेर अग्निशमन दलाच्या गाडीचा भोंगा वाजत होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. काकूंची परवानगी घेऊन लिहितो आहे. त्यांच्या लहानपणी गावात एक म्हातारे वैदिक होते, थकलेले. एका दुपारी ते ओटीवर बसून हेच सूक्त म्हणायला लागले आणि प्रश्नाशी अडकले. आधी मुलं हसली. मग अंगणात माणसं जमली. आजोबांना पाणी पाजलं, हलवलं, हाका मारल्या, पण ते म्हणतच राहिले. सरांचे काका परगावी होते, आणि गावात दुसऱ्या कोणालाच ते सूक्त येत नव्हतं. दिवेलागणीला आजोबा गेले, आणि त्यांचा आवाज थांबला तो प्रश्नातच थांबला. सरांनी ते पाहिलं होतं. "मी तुला शिकवलं," सर म्हणाले, "त्याला तू उपकार म्हणतोस. तसं नाहीये ते, किसन. मला भीती वाटायची. शेजारी एक तरी माणूस पाहिजे होता ज्याला पुढचा शब्द माहीत आहे." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला त्या प्रश्नात सोडू नकोस."

डॉक्टरांनी नंतर त्या आजाराला नाव दिलं. हळूहळू विसरत जाण्याचा आजार, परत फिरणारा नाही. शब्द जसे आले त्याच्या उलट्या क्रमाने जायला लागले, आधी कारखान्यातल्या माणसांची नावं, मग शेजाऱ्यांची, मग रंगांच्या पावडरींची, ज्यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. पाठ मात्र टिकून होते. रविवारी चटईवर बसले की नऊ ऋचांची जटा ते न चुकता म्हणायचे, आणि दहावीशी येऊन माझ्याकडे बघायचे. मी पहिला शब्द द्यायचो. एका संध्याकाळी काकूंचा फोन आला की फिरायला गेलेले सर अजून घरी आलेले नाहीत. मी रिक्षाने निघालो. शोधत शोधत ते सापडले चिखलोलीला, नव्या वसाहतीत. पाठीला पाठ लावून उभे असलेले सारखे टॉवर, सारखं फाटक, सारखी कमान. वॉचमन म्हणाला, बाबा कधीपासून एका फाटकातून आत जातात आणि दुसऱ्यातून बाहेर येतात, पुन्हा पहिल्यात जातात. सर मला पाहून ओशाळवाणं हसले. "सगळ्यांचा शेवट सारखाच केलाय रे यांनी," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता. परत येताना रिक्षात ते माझ्या बोटांची पेरं मोजत बसले.

यंदा उन्हाळ्याच्या आधी सर अंथरुणाला लागले. बोलणं तुटक झालं, आणि त्याच वेळी मला कांजिण्या निघाल्या. त्यांच्या अशा अवस्थेत मी तिथे जाणं शक्यच नव्हतं, डॉक्टरांनी आणि काकूंनी दोघांनीही बजावलं होतं. काकू सांगायच्या की रात्रंदिवस पुटपुटतात, काय ते मला कळत नाही, पण एकच आहे, फिरून फिरून तेच आहे. मला कळत होतं काय आहे ते. फोनवरून शब्द द्यायचा प्रयत्न केला. काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला, तर ते घाबरून अंग चोरायला लागले. हा कोण भिंतीतून बोलतो, असं विचारत राहिले. मला त्या ओटीवरचे आजोबा दिसायला लागले. मी अंगावरच्या फोडांकडे बघत बसायचो, आणि कधी सुकणार म्हणून ते रोज तपासायचो. शेवटी मी पत्र लिहिलं, काकूंनी त्यांना वाचून दाखवावं म्हणून. सरांबरोबरच्या इतक्या वर्षांत काकूंनी एकही मंत्र कधी तोंडाने म्हटला नव्हता. मला कोणी शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही, असं त्या म्हणायच्या. मी त्यांना फक्त एवढंच कळवलं की पत्रातला शेवटचा शब्द म्हणून थांबा. घरमालक रोज बदलापूरला माल पोचवतात. मी दारातूनच विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, टेन्शन मत लो, मी हातात देतो." पाकीट घेताना म्हणाले, "बुजुर्ग को क्या लिखा है? दवा?" मी म्हणालो, हां, दवाच.

खपल्या पडल्यावर मी गेलो. दोन्ही चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या. काकू समोर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. त्या सकाळी चहा गाळून ठेवला, आणि सरांचं पुटपुटणं वाढलं, म्हणून त्यांनी पत्र पुन्हा काढलं. आधी एकदा वाचलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं. या वेळी वाचून शेवटचा शब्द म्हटला आणि थांबल्या. सरांचा आवाज बंद झाला. ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर गेला आणि पेरं मोजत सावकाश करंगळीपर्यंत आला. "शेवटचं पेर रिकामं ठेवलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तेवढं मला कळतं." मग हात उघडा पडला. चहा तसाच राहिला.

काकूंना मी जे बोललो नाही ते इथे लिहितो. प्रश्नाची ओळ अकरा अक्षरांची आहे, आणि उत्तराच्या ऋचेतली प्रत्येक ओळही अकराच अक्षरांत म्हटली जाते. दोन्हींत करंगळीचं शेवटचं पेर रिकामंच राहतं. सरांनी मोजली ती कोणती ओळ, ते मला कळायला मार्ग नाही. दिवसा मी ठरवतो की शब्द पोचला, नाहीतर आवाज का थांबला असता. पण वर्गात मुलं लिहीत असतात, मी खिडकीशी उभा असतो, आणि माझा अंगठा आपोआप पेरांवर फिरायला लागतो, तेव्हा ते ठरवलेलं टिकत नाही. त्यांच्याजवळ तो शब्द माहीत असलेला एक माणूस तरी होता. माझ्याजवळ अजून कोणी नाही. काकूंनी निघताना पत्र परत दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येशील ना? त्या शब्दाच्या पुढचं काय असतं, ते मला सांग." मी जातो आहे. पत्र इथे जसंच्या तसं देतो.

"ती. सरांना साष्टांग नमस्कार.

मी किसन. कारखान्यातल्या हेल्परचा मुलगा, रविवारचा. माझं अंग बरं नाही म्हणून आलो नाही, रागावू नका. आवाज काकूंचा आहे, पण समोरच्या चटईवर मीच बसलो आहे असं समजा.

तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर चाललं आहे. एकही अक्षर चुकलेलं नाही, मी मोजतो आहे. डोंगर झाले, समुद्र झाला, मरणाची सावलीही झाली. आता प्रश्न पुन्हा विचारू नका. नऊ झाल्या, सर. हात तुमचा माझ्या हातात आहे.

करंगळीचं शेवटचं पेर रिकामं आहे, तिथे श्वास घ्या. सावकाश, घाई नाही. घाबरून मोजायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.

आता पहिला शब्द मी देतो. पुढचं तुम्ही म्हणा.

प्रजापते..."